कागदावर शून्य, हवेत शिल्लक



दरवर्षी १६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन असतो. शाळेत मुलं पृथ्वीवर छत्री धरलेली चित्रं काढतात, घोषणा पाठ करतात. घरी येऊन आपल्यालाही सांगतात, की ओझोन खाणारे वायू आता जगात बंद झाले आहेत. यावरून गटांच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, बंद झाले म्हणतात, पण खरंच बंद झाले का हे बघतं कोण? वायू डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही. चोरून कुणी सोडला तर कळणार कसं?"

प्रश्न बचत गटाच्या बाईला शोभेल असाच आहे. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र लेखे अद्ययावत ठेवण्याचं. वहीत लिहिलं म्हणजे पैसे आलेच, असं आपण धरत नाही. पेटी उघडतो, रोकड मोजतो, वहीशी ताडून बघतो. हवेतल्या वायूंचीही अशीच पेटी मोजली जाते. आणि एकदा ती वहीशी जुळली नाही, तेव्हा जगात किती खळबळ झाली, तेच आज आपण समजून घेऊ.

आधी ओझोनची ओळख

आपल्या डोक्यावर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर हवेत ओझोन नावाचा वायू इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतो. सूर्याच्या प्रकाशात एक न दिसणारा, जोरकस भाग असतो. त्याला अतिनील किरण म्हणतात. त्यातला बराचसा भाग हा ओझोन वरच्या वर अडवतो. तो अडला नाही तर कातडीचा कर्करोग वाढतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, पिकांनाही मार बसतो.

विसाव्या शतकात कारखान्यांनी सीएफसी नावाचे वायू तयार केले. ते पेट घेत नाहीत, विषारी नाहीत, स्वस्त पडतात. म्हणून फ्रिजमध्ये, फवाऱ्याच्या डब्यांत, फोम फुगवायला सगळीकडे वापरले गेले. १९७४ साली अमेरिकेतल्या मारियो मोलिना आणि शेरवूड रोलँड या दोन शास्त्रज्ञांनी धोक्याची सूचना दिली. हे वायू खाली कशातच विरत नाहीत, हळूहळू खूप उंच चढतात, तिथल्या कडक उन्हात फुटतात, आणि त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोनला खातो. क्लोरीनचा एकेक कण ओझोनचे हजारो कण संपवतो. पुढे १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की दक्षिण ध्रुवावर दर वसंत ऋतूत, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओझोन भयंकर विरळ होतो. त्यालाच आपण ओझोनचं छिद्र म्हणतो.

इथे एक गैरसमज दूर करू. "ओझोनला भोक पडलंय म्हणून एवढं ऊन तापतंय" असं बोललं जातं. ते बरोबर नाही. ते छिद्र दक्षिण ध्रुवावर पडतं, महाराष्ट्राच्या डोक्यावर नाही. उन्हाळ्याच्या तापण्याची कारणं वेगळी आहेत. पण सीएफसी वायू हवा तापवण्याचंही काम करतात, आणि किलोला किलो धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक हजार पट जास्त करतात. म्हणून ते दोन्ही बाजूंनी वाईट.

१६ सप्टेंबर १९८७ ला कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात करार झाला, की हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करायचे. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला. भारत १९९२ साली सामील झाला. श्रीमंत देशांनी आधी, आपल्यासारख्या देशांनी मागून, असं करत २०१० पर्यंत जगभर सीएफसी तयार करणं थांबायचं होतं. भारताने तर १ ऑगस्ट २००८ पासूनच उत्पादन थांबवलं. दम्याच्या पंपाला लागणाऱ्या वायूपुरती तेवढी सवलत ठेवली होती.

वही काय सांगते, पेटी काय सांगते

आता हिशोबाकडे येऊ. कोणता वायू किती सुटतो आहे, हे कळायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग वहीचा. दरवर्षी प्रत्येक देश या कराराच्या कार्यालयाला आपले आकडे कळवतो. ते कार्यालय आफ्रिकेत, केनियाच्या नैरोबी शहरात आहे. यंदा किती वायू बनवला, किती आणला, किती पाठवला, हे सगळं त्यात लिहायचं असतं. त्यावरून किती वायू हवेत गेला असेल याचा अंदाज बांधतात. पण ही वही देश स्वतः लिहितो. देशाच्या सरकारपासून जे लपून आहे, ते त्या वहीत येणारच नाही.

दुसरा मार्ग पेटीचा. आपली पेटी म्हणजे पृथ्वीभोवतीची सगळी हवा. तिच्यात तो वायू आज किती आहे, मागच्या वर्षी किती होता, हे मोजायचं. हवा कुणाच्या बाजूने बोलत नाही. जे सुटलं ते तिच्यात मिसळतंच.

हवा मोजतात कशी?

अमेरिकेच्या हवामान संस्थेची आणि इतर काही देशांची मिळून जगभर मोजणी केंद्रं आहेत. हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या डोंगरावर आहे, आयर्लंडच्या किनाऱ्यावर मेस हेड इथे आहे, ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया बेटावर केप ग्रिम इथे आहे, अगदी दक्षिण ध्रुवावरही आहे. जागा मुद्दाम लांबच्या निवडल्या आहेत. शहराजवळ मोजलं तर त्या शहराचाच धूर मोजला जाईल. समुद्रावरून येणारी, नीट घोळलेली हवा मिळाली तर सगळ्या पृथ्वीची शिल्लक कळते. भाजीचं मीठ बघायचं तर आधी ढवळावं लागतं, तसंच हे.

काही केंद्रांवर यंत्र रात्रंदिवस मोजत असतं. काही ठिकाणी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यांत हवा भरून, तोंड घट्ट बंद करून ती प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे हवेतले वायू यंत्रातून एकेक वेगळे केले जातात आणि ज्याचं माप आधीच ठाऊक आहे अशा हवेशी ताडून बघितले जातात. दुकानदाराच्या काट्यावर शिक्क्याचं वजन ठेवून काटा बरोबर आहे ना, हे बघतात, तसं.

केप ग्रिमला तर १९७८ पासूनची हवा टाक्यांत भरून जपून ठेवली आहे. पुढे कधी शंका आली, नवं यंत्र आलं, तर जुनी हवा पुन्हा मोजता यावी म्हणून. आपण ठरावाच्या जुन्या वह्या फेकत नाही, त्याच विचाराने.

मोजायचं किती बारीक, तेही ऐका. हवेचे एक लाख कोटी कण घेतले, तर त्यात २०१८ च्या सुमारास सीएफसी-११ या वायूचे २३० च्या आसपास कण सापडत होते. आणि वर्षाकाठी त्यात एक-दोन कणांचा फरक पडतो. तेवढा फरक ही माणसं पकडतात.

जमा-खर्चाचं गणित

आता वही-पेन्सिल असेल तर घ्या. आपण सीएफसी-११ चं खातं मांडू. हा वायू मुख्यतः फोम फुगवायला वापरायचे. फ्रिजच्या भिंतीत, शीतगृहाच्या पत्र्यांत थंडावा टिकवायला जो पिवळसर कडक फोम भरलेला असतो, तो हा. आकडे आम्ही ठोकळ घेतलेत, म्हणजे तोंडी हिशोब करता येईल.

२००२ ते २०१२ या काळात सगळ्या पृथ्वीच्या हवेत या वायूची शिल्लक सरासरी ५८ लाख टन होती. आता यातून दरवर्षी खर्च किती होतो? हा वायू हवेत सरासरी ५२ वर्षं टिकतो. म्हणजे दरवर्षी त्याचा बावन्नावा हिस्सा उंचावर उन्हात फुटून संपतो. ५८ लाखांना ५२ ने भागा. साधारण १ लाख १० हजार टन आले. हा झाला वर्षाचा खर्च.

जमा काहीच नसती, तर शिल्लक दरवर्षी १ लाख १० हजार टनांनी उतरली असती. पण मोजणीत ती उतरत होती फक्त ५० हजार टनांनी. मग मधले ६० हजार टन कुठले? तेवढा वायू दरवर्षी कुठून तरी हवेत येत होता, म्हणून शिल्लक तेवढी कमी उतरली नाही. ही झाली जमा. कुणीही पावती फाडली नव्हती, तरी आकडा निघाला.

शास्त्रज्ञ हाच हिशोब बारकाईने करतात. खालची हवा वेगळी, वरची वेगळी, पृथ्वीचा उत्तरेकडचा भाग वेगळा, दक्षिणेकडचा वेगळा, असे कप्पे करतात. त्यांचा आकडा ५४ हजार टन आला. आपल्या चुलीपुढच्या गणितापासून फार लांब नाही.

बंदी आली तरी जमा कुठून?

इथे तुम्ही विचाराल, की उत्पादन बंद होतं तर ५४ हजार टन येत कुठून होते?

उत्तर जुन्या साठ्यात आहे. आधीच्या काळात बनवलेल्या फोममध्ये, जुन्या फ्रिजमध्ये, इमारतींच्या भिंतींत हा वायू अडकून बसला आहे. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतो. फ्रिज भंगारात गेला, इमारत पाडली, की जास्त सुटतो. गंमत म्हणजे या अडकलेल्या साठ्याला शास्त्रज्ञ 'बँक' असंच म्हणतात. जुनी ठेव आहे, तिच्यातून हळूहळू पैसे निघत आहेत.

मग एक साधा नियम लक्षात घ्या. नवी ठेव पडत नसेल, तर बँकेतून निघणारी रक्कम वर्षागणिक कमी होत गेली पाहिजे. निदान वाढता तरी कामा नये.

२०१८ साली हिशोब अडला

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या हवामान संस्थेतले स्टीफन मॉन्ट्झ्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात एक निबंध छापला. त्यात त्यांनी दाखवलं, की २०१२ नंतर सीएफसी-११ ची हवेतली घसरण मंदावली आहे. आधी लाख कोटी कणांमागे वर्षाला दोन कण कमी व्हायचे, आता एकच कमी होतोय. घसरणीचा वेग निम्म्यावर आला होता.

आपलं गणित पुन्हा मांडू. आता हवेतली शिल्लक ५४ लाख टन. बावन्नावा हिस्सा म्हणजे १ लाख ४ हजार टन खर्च. शिल्लक उतरली फक्त २४ हजार टनांनी. म्हणजे जमा ८० हजार टन. आधी ६० हजार होती. आपल्या ठोकळ हिशोबाने २० हजार टनांची वाढ दिसते. त्यांच्या कप्प्यांच्या हिशोबाने ती १३ हजार टन आली, त्यातही ५ हजार टन इकडे-तिकडे होऊ शकतात, असं त्यांनी लिहिलं. वरच्या हवेचं फिरणं त्या वर्षांत बदललं असेल, तर वाढ याच्या निम्मीही असू शकेल, असंही त्यांनी नोंदवलं. आकड्याबरोबर त्याचा किंतुही सांगायचा, ही त्यांची रीत आम्हाला फार आवडली. पण सगळे किंतु धरूनही वाढ उरतच होती.

आणखी एक खूण होती. उत्तर गोलार्ध आणि दक्षिण गोलार्ध यांची हवा एकमेकींत मिसळायला साधारण वर्ष लागतं. त्यामुळे जिकडे वायू सुटतो तिकडे तो थोडा जास्त दिसतो. २०१२ नंतर उत्तरेकडचा आकडा दक्षिणेपेक्षा आणखी वर गेला होता. म्हणजे नवा वायू उत्तर गोलार्धात कुठेतरी सुटत होता. हवाई बेटावरच्या मोजणीवरून त्यांनी पूर्व आशियाकडे बोट दाखवलं.

जुन्या बँकेतून एवढी वाढ होईल का, तेही त्यांनी तपासलं. त्यासाठी जुन्या इमारती एकदम खूप जास्त पाडल्या जायला हव्या होत्या. तसं काही दिसत नव्हतं. मग एकच शक्यता जास्त पटणारी होती. कुणीतरी हा वायू नव्याने बनवत होतं. आणि नैरोबीच्या वहीत तर उत्पादन जवळजवळ शून्य लिहिलेलं होतं.

वाऱ्याच्या वाटेने घर शोधलं

मोठ्या पेटीवरून एवढंच कळतं, की जमा वाढली. कुणाच्या हातून वाढली, ते कळत नाही. त्यासाठी जवळ जाऊन बसावं लागतं.

गावाजवळ वीटभट्टी असेल तर ती कुठल्या अंगाला आहे, हे आंधळा माणूसही सांगेल. वारा पश्चिमेचा असला की धूर येतो, पूर्वेचा असला की येत नाही. म्हणजे भट्टी पश्चिमेला. रोज वाऱ्याची दिशा आणि धुराचा वास वहीत लिहीत गेलं, तर महिनाभरात जागा बऱ्यापैकी पक्की होते.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर गोसान नावाचं केंद्र आहे. जपानच्या दक्षिण टोकाला हातेरुमा नावाचं छोटं बेट आहे, तिथेही केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं यंत्रं चालू होती. वारा पूर्व चीनकडून आला, की सीएफसी-११ चा आकडा एकदम उसळायचा. वारा मोकळ्या समुद्राकडून आला, की खाली बसायचा. २०१२ नंतर या उसळ्या मोठ्या झाल्या होत्या. संगणकावर प्रत्येक दिवसाचा वारा उलट्या वाटेने मागे नेऊन, कोणत्या भागातून किती वायू आला असेल, ते त्यांनी काढलं.

मे २०१९ मध्ये ब्रिटनच्या ब्रिस्टल विद्यापीठातले मॅट रिग्बी आणि अनेक देशांतले त्यांचे सहकारी यांनी उत्तर छापलं. २००८ ते २०१२ या काळाशी तुलना करता, २०१४ ते २०१७ मध्ये पूर्व चीनमधून दरवर्षी सुमारे ७ हजार टन जादा वायू सुटत होता, ३ हजार टन इकडे-तिकडे. तो मुख्यतः शांडोंग आणि हेबेई या दोन प्रांतांतून येत होता. जगातली जेवढी वाढ होती, त्यातली साधारण ४० ते ६० टक्के इथलीच निघाली.

मधल्या काळात, जुलै २०१८ मध्ये, पर्यावरण गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या एका संस्थेने जमिनीवरूनही माग काढला होता. चीनच्या १० प्रांतांतल्या १८ कंपन्यांनी आपण फोमसाठी हा वायू वापरतो, असं त्यांना सांगितलं. कारण अगदी साधं होतं. तो स्वस्त पडत होता आणि फोमही चांगला फुगत होता. हवेने जे सांगितलं, तेच बाजारानेही सांगितलं.

मग काय झालं?

ही बातमी जगभर गेली. कराराच्या बैठकांत देशांनी विचारणा केली. चीन सरकारने कारखान्यांची तपासणी सुरू केली, बेकायदा उत्पादनाची काही ठिकाणं पकडली, कारवाई केली.

याचा परिणाम झाला का, हेही पुन्हा हवेलाच विचारलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचं उत्तर छापून आलं. २०१८ ते २०१९ या एका वर्षात जगाचं सीएफसी-११ चं उत्सर्जन सुमारे १८ हजार टनांनी उतरलं होतं. २०१९ चा आकडा ५२ हजार टनांच्या आसपास आला, म्हणजे गडबड सुरू होण्याआधी होता तेवढा. पूर्व चीनमधली वाढही ओसरली होती.

तरी काही शिल्लक राहतंच. त्या वर्षांत जो चोरटा फोम भरला गेला, त्यातला पुष्कळ वायू अजून भिंतींत अडकलेला आहे. तो पुढची कितीतरी वर्षं झिरपत राहील. म्हणजे बँकेत नवी ठेव पडली, आणि ती आपल्याला नको होती.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी. वाढीचा जो बाकीचा भाग होता, तो नक्की कुठून आला, हे ठामपणे सांगता आलं नाही. कारण जवळून बघणारी केंद्रं जगात मोजक्याच भागांत आहेत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आपला भारत, या भागांवर ती फार विरळ आहेत. गोसान आणि हातेरुमा नसते, तर पूर्व चीनचं नावही पुढे आलं नसतं. जिथे मोजणारं कुणी नाही, तिथला हिशोब अंधारातच राहतो. शास्त्रज्ञांनी म्हणूनच केंद्रं वाढवायची मागणी केली आहे.

एकूण करार मात्र यशस्वी ठरला आहे. २०२२ च्या अहवालानुसार, सगळे देश नियम पाळत राहिले तर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास ओझोन १९८० च्या पातळीवर येईल. दक्षिण ध्रुवावर त्याला २०६६ च्या आसपासचा काळ लागेल. आज गटातल्या ज्या बाईच्या मांडीवर वर्षाचं बाळ आहे, ते बाळ तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेलं असेल. इतका लांबचा हा हप्ता आहे. मधेच कुणी चोरी केली, तर तो आणखी लांबतो.

आपल्या हातात काय आहे?

आपल्या गावात सीएफसीचा कारखाना नाही. पण जुन्या बँकेची छोटी छोटी खाती आपल्याकडेही आहेत. काही गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा फ्रिज घरात असेल, तर त्याच्या नळीत आणि फोममध्ये जुना वायू असू शकतो. असा फ्रिज भंगारवाल्याला देऊन त्याच्या नळ्या दारातच तोडू देऊ नका. ई-कचरा घेणारं अधिकृत केंद्र तालुक्याला किंवा जिल्ह्याला आहे का, ते नगरपालिकेत विचारा. ग्रामसंघाने चार-पाच गावांचे जुने फ्रिज एकदम पाठवले, तर गाडीभाडंही परवडतं.

दोन. गटाचा दूध संकलनाचा किंवा आइस्क्रीमचा धंदा असेल, थंड करायचं मोठं यंत्र असेल, तर त्याच्या पाटीवर कोणता वायू लिहिलाय ते बघून ठेवा. आर-२२ असं लिहिलं असेल, तर तोही ओझोनला थोडी इजा करणारा वायू आहे, आणि तो आता टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. नवं यंत्र घेताना त्यावर चालणारं घेऊ नका. पुढे वायू मिळायला महाग पडेल.

तीन. मेकॅनिक आला की त्याला विचारा, "जुना वायू हवेत सोडणार का सिलिंडरमध्ये भरून घेणार?" आणि वायू सारखा सारखा भरावा लागत असेल, तर आधी गळती शोधून बुजवायला सांगा. गळकी टाकी रोज भरण्यात शहाणपण नाही. पैसाही आपलाच जातो.

चार. नव्या घरगुती फ्रिजवर आर-६००ए लिहिलेलं असेल, तर तो ओझोनला त्रास देत नाही. पण तो पेट घेतो. दुरुस्ती चालू असताना जवळ चूल, शेगडी, विडी पेटवू नका.

पुढच्या मासिक बैठकीत वेळ मिळाला, तर वर मांडलेलं गणित फळ्यावर करून बघा. ज्यांना भागाकार येत नाही त्यांनी पाण्याच्या टाकीवर समजून घ्या. टाकीला गळती आहे, पाणी रोज दहा घागरी कमी व्हायला हवं. पण कमी होतंय पाचच घागरी. मग कुठला तरी नळ चालू आहे, आणि त्यातून रोज पाच घागरी येत आहेत. नळ डोळ्याला दिसला नाही, तरी तो आहे हे नक्की. मग नळ शोधायला निघायचं.

आणि एक विषय चर्चेला घ्या. त्या बेटांवरची माणसं वर्षानुवर्षं रोज तोच आकडा लिहीत होती. पुष्कळ वर्षं काहीच विशेष घडलं नाही. "आता बंदी झाली, कशाला मोजायचं" असं म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं असतं, तर २०१२ नंतरची चोरी कुणाला कळली नसती. आपल्याकडे पाण्याचा टँकर, रेशनचं धान्य, अंगणवाडीचा आहार, असं काय काय आहे जे वहीत बरोबर दिसतं? त्यातलं काय आपण स्वतः, नेमाने, तारीख घालून मोजू शकतो? प्रत्येक गटाने एकच गोष्ट निवडा आणि सहा महिने लिहून बघा. काय निघालं ते आम्हाला कळवा. चांगलं निघालं तरी कळवा.